डावीकडचा पडदा

गेली तीन वर्षे माझ्या टेबलावर दोन पडदे होते. समोरचा माझा, डावीकडचा मुलीचा. मुद्रिते तपासणे हा माझा धंदा. एका पडद्यावर मूळ प्रत आणि दुसऱ्यावर जुळणी असली, म्हणजे मान दुखते खरी, पण चूक निसटत नाही.

मुलीने माझ्या संगणकावर लिनक्स बसवले आणि त्यावर आय-थ्री नावाचा कारभारी नेमला. २००९ साली जन्मलेला हा विंडो मॅनेजर मोठा शिस्तीचा. खिडक्यांना तो एकमेकींवर चढू देत नाही. भावाभावांत शेत वाटून द्यावे तशी पडद्याची वाटणी करतो, तीही कज्ज्याशिवाय! पण सांगितल्याखेरीज त्याला काही कळत नाही. नवा पडदा जोडला, तो काळाच राहिला. मग ‘एक्सरॅन्डर’ ही आज्ञा देऊन त्याला जागे करावे लागले. ‘लेफ्ट-ऑफ’ लिहायचे ते मी ‘राइट-ऑफ’ लिहिले; तेव्हा माउसचा बाण उजव्या कडेने बाहेर पडून डावीकडच्या पडद्यावर उगवू लागला. ते सुधारून मुलीने नियमांच्या फाइलीत आणखी एक ओळ घातली: नऊ नंबरचे वर्कस्पेस डावीकडच्या पडद्यावर.

यंदा तिला बंगळूरला नोकरी लागली. निघायच्या सकाळी तिने चालू यंत्राचीच तार काढून आपला पडदा खोक्यात भरला. दुपारी मी कामाला बसलो, तर नऊ नंबर कुठेच दिसेना. बाण डावीकडे नेला. तो कडेला थांबला नाही. पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मी गाडीत तिला फोन लावला.

“बाबा, तार काढली तरी पडदा गेला हे तो धरून चालत नाही,” ती हसत म्हणाली. “जागा राखून बसतो. त्याला ‘ऑफ’ म्हणून सांगा, सगळं तुमच्या पडद्यावर येईल.”

हिने त्या रिकाम्या जागी पाण्याचा तांब्या केव्हाच आणून ठेवला होता. मला मात्र तो एवढासा शब्द लिहायला दिवेलागण झाली.

लिहिला, आणि नऊ नंबर अर्धवट राहिलेल्या मुद्रितासकट मुकाट्याने माझ्याकडे आला. हरवले काहीच नव्हते. थोडी दाटी झाली, इतकेच.

फाइलीतली ती ओळ मी पुसलेली नाही. पडदा नसताना ती कुणाच्या आड येत नाही. आणि कधीकाळी तो पुन्हा तिथे जोडून जागा केला, तर नऊ नंबर आपण होऊन डावीकडे जाईल.