अंधारात आम्ही, उजेडात ती

परवा रात्री अकराच्या सुमारास मालेगाव स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. नागपूरहून आलेली ट्रॅव्हल्स थांबली. एक मुलगी उतरली, पाठीवर सॅक. उजेडात बरं, असं वाटून ती खांबाखाली जाऊन उभी राहिली. टपरीवर आम्ही सात-आठ जण, अंधारात. गप्पा थांबल्या. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी काही बोललं नाही. सगळे नुसते पाहत होते. त्यात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

तिने फोन कानाला लावला, "हो, हो" करत राहिली. तेवढ्यात कानाला लावलेला तोच फोन वाजला! पाच मिनिटांत तिचे वडील गाडीवर आले आणि टपरीवर पुन्हा क्रिकेट सुरू झालं.

दिवसा याच स्टँडवर कितीतरी मुली उभ्या असतात. तेव्हा कोणी टक लावली तर एखादी मावशी म्हणते, "काय पाहून राहिला रे?" रात्री ती आम्हाला दिसते, आम्ही तिला दिसत नाही. सगळी ताकद तिथे आहे.

आपल्याकडच्या बायांना हे कधीचं माहीत आहे. घरी संडास नव्हते तेव्हा त्या अंधार पडायची वाट पाहायच्या. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया हेडलाईट पडला की उठून उभ्या राहायच्या, तोंडावर पदर. मेडशी रोडला मी कितीदा तरी असा लाईट टाकत गेलोय. डिम करावा, हे एकदाही सुचलं नाही. तेवढाच त्यांचा आडोसा होता.

"नुसतं पाहिलं तर काय झालं?" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, आताचा गडचिरोली जिल्हा. मथुरा खटला. जबाब झाल्यावर एका आदिवासी मुलीला रात्री ठाण्यातच थांबवलं. घरचे बाहेर. आत दिवे बंद, दार बंद. पोलिसाने आधी टॉर्च लावून तिचं अंग पाहिलं, मग बलात्कार केला, हे तिचं म्हणणं निकालात नोंदलेलं आहे. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या म्हणे. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार, रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातली बाई "संमती नव्हती" म्हणाली, तर कोर्टाने आधी तेच धरून चालायचं.

टपरीवरचं पाहणं आणि तो गुन्हा एक नाही, कबूल. पण टॉर्च कोणाच्या हातात, हा प्रश्न तोच आहे.

स्टँडवर लाईट वाढवा, अशी बातमी मी दरवर्षी लिहितो. यंदा एक ओळ वाढवणार आहे: टपरीच्या बाजूलाही लावा. आम्हीही दिसू द्या.

आणि तुमच्या घरची कोणी रात्री स्टँडवर उतरत असेल, तर आज तिला विचारा, फोन खरंच चालू असतो का.