चैत्रांतली बारी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून राजगुरुनगर मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत आंबेगांव तालुक्याची हद्द लागते. ज्या गांवावरून तालुक्याचें नांव पडलें, तें जुनें आंबेगांव आज घोड नदीवरील डिंभें धरणाच्या जलाशयांत बुडालेलें आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. आणखी उत्तरेस नारायणगांव, आणि तेथून पश्चिमेस शिवनेरीच्या पायथ्याशीं जुन्नर. घोड, मीना व कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांत मीं तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. येथील लेणीं, किल्ला, लेण्याद्रीचा व ओझरचा गणपति यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मला सांगावयाचें आहे तें निराळें आहे.

गेल्या चैत्रांत एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला, "गुरुजी, यात्रेला यायचंच. घाटांत आपला गाडा आहे."

वाचकांनीं खंडाळ्याचा घाट डोळ्यांसमोर आणूं नये. इकडे घाट म्हणजे गांवाबाहेरील चढणीची, मऊ मातीची धांवपट्टी. ग्रामदैवताच्या यात्रेंत तिच्यावरून बैलगाडे सुटतात. एका गाड्यास चार बैल. दोन धुरेला व दोन त्यांच्यापुढें. गाड्यावर हांकणारा बसत नाहीं. पुढें घोडीस्वार धांवतो व त्याच्यामागून बैल चढण चढतात. एका गाड्याच्या धांवेस 'बारी' म्हणतात. चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत संपते, आणि ज्याचा वेळ सर्वांत कमी तो 'घाटाचा राजा'. थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौषी पौर्णिमेस, म्हणजे थंडींत भरते. परंतु बहुतेक गांवांच्या यात्रा चैत्र-वैशाखांतल्या, ऐन उन्हांतल्या.

खरें सांगावयाचें तर या खेळाविषयीं माझें मत कधींच चांगलें नव्हतें. नोकरीच्या काळांत यात्रेच्या दिवशीं मी दार लोटून वाचीत बसत असें. पराणी टोंचून, शेपट्या पिरगाळून बैल पळविलेले मीं पाहिले होते. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून बैलांच्या अशा प्रदर्शनास मनाई केली, आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, तेव्हां ती बातमी मीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली. पुढें २०१७ मध्यें महाराष्ट्रानें आपल्यापुरता कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं शर्यतींस अटींवर परवानगी मिळाली. व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो आणि चाबूक, काठी, पराणी यांस मनाई आहे. विद्यार्थ्यास माझें मत ठाऊक होतें. तरीही त्यानें बोलाविलें, म्हणून मी गेलों. आणि दोन दिवस आधींच गेलों.

त्याच्या वडिलांना सारें गांव आबा म्हणतें. नांगरणी ट्रॅक्टरनें होऊं लागून घरांतील बैलांचें काम संपलें, वर बंदी आली. तरी त्यांनीं गोठा रिकामा होऊं दिला नाहीं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारांतून आणलेली खिलार जोडी दावणीला होती. एकाचें नांव हरण्या, दुसऱ्याचें सोन्या. ऊंसांतून बिबट्या फिरतो, म्हणून आबा रात्रीं गोठ्याच्या दारांतच खाट टाकतात.

माझा पुतण्या पुण्यास मोटारीच्या हौशी शर्यतींत भाग घेतो. उन्हाळ्यांत गाडी पट्ट्यावर नेण्यापूर्वीं पाणी, तेल, ब्रेक, चाकांतील हवा यांची तो किती काळजी घेतो, हें मीं पाहिलें आहे. येथें तशीच तपासणी चालली होती. मात्र येथील यंत्र श्वास घेणारें होतें. गाड्याचीं चाकें काढून आंसास वंगण दिलें. जुवाची आंतली बाजू आबांनीं हातानें चांचपली. कोठें कूस राहिली तर खांदा सोलतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद-तुपानें मळण्याची चाल आपण विधि म्हणून जाणतों. तिचें कारण मला त्या गोठ्यांत प्रथम नीट उमगलें.

उन्हासाठीं निराळी तजवीज होती. बैलांना फिरविणें सूर्योदयापूर्वींच संपे. कालव्यांत पोहणी होई. खुराक दिवसा नाममात्र व रात्रीं भरपूर. कारण चारा पचतांना पोटांत उष्णता निर्माण होते, आणि ती भर दुपारीं नको. छपरावर ओलीं पोतीं टाकलेलीं, आणि पाण्याचा हौद सांवलींत. बैल घोड्याइतका घामेजत नाहीं. अंगांतील ऊष्मा बाहेर टाकण्यास त्याचा श्वास फार कामीं येतो. गळ्याखालची लोंबती पोळी व पांढुरकी कातडी यांमुळें खिलार बैल ऊन चांगलें सोसतो. पण सोसण्यासही सीमा असते. आबा प्रत्येकाची कूस किती वेळां हलते तें मोजीत. सांवलींत निवांत उभ्या बैलाची ती मिनिटास वीस-पंचवीस वेळां हलते. "साठाच्या वर गेली, कीं बैल आपला राहिला नाय," असें ते म्हणाले.

संध्याकाळीं ओट्यावर बसलों असतां मीं त्यांस ऋग्वेदांतील मुद्गलाची कथा सांगितली. दहाव्या मंडलाच्या १०२ व्या सूक्तांत मुद्गलाची पत्नी रथ हांकून शर्यत जिंकते. रथास एका बाजूनें बैल आणि त्याचा जोडीदार म्हणून चक्क लांकडाचा द्रुघण जोडलेला आहे. आबांनीं लक्ष देऊन ऐकलें व म्हणाले, "लाकूड तापत नाय, गुरुजी. बैल तापतो."

यात्रेच्या दिवशीं पहाटेच घाटावर गेलों. भंडारा उधळला जात होता, कर्ण्यावरून गाडामालकांचीं नांवें पुकारलीं जात होतीं. बारीचा क्रम चिठ्ठ्यांनीं ठरतो. आमची चिठ्ठी फार मागची निघाली. पुढची जोडी जुन्नर तालुक्यांतील एका भागीदाराची होती. तिच्यावर त्यानेंही वर्षभर खर्च केला होता. दहा वाजले, अकरा वाजले. बाभळीची सांवली सरकत सरकत बैलांच्या पायांखालीं आली. आम्ही घागरींनीं पाणी आणून पाठींवर ओतीत होतों.

साडेबाराच्या सुमारास पुकारा झाला. माझा विद्यार्थी हरण्याचा कासरा सोडूं लागला. आबा सोन्यापाशीं उभे होते. त्यांनीं त्याच्या कानाच्या मुळाशीं हात ठेवला, नाकपुडी पाहिली, आणि मला म्हणाले, "गुरुजी, घड्याळ धरा." मीं धरलें. एका मिनिटांत कूस अडुसष्ट वेळां हलली.

"सोन्या जुंपायचा नाय," आबा म्हणाले.

भागीदार प्रथम हंसला. मग त्याचा आवाज चढला. "आबा, बारा सेकंदांचा खेळ! एवढी बारी होऊं द्या, मग न्या घरीं." मुलानेंही वडिलांकडे विनवणीनें पाहिलें. कर्ण्यावरून दुसऱ्यांदा नांव आलें. आबा बोलले नाहींत. त्यांनीं सोन्याला सांवलीकडे वळविला. घाटावरील पशुवैद्यास बोलाविलें. त्यांनीं ताप पाहिला, तो १०४ अंश भरला. निरोगी बैलाचा १०१ ते १०२ असतो. "बरं केलंत," एवढेंच ते म्हणाले. तोंपर्यंत पुढचा गाडा सुटला होता आणि आमची बारी गेली होती.

बारी सुटली असती तर तें कोणत्याही नियमाच्या विरुद्ध झालें नसतें, ही गोष्ट माझ्या मनांतून जाईना. दाखला सकाळींच मिळाला होता, काठी कोणाच्या हातीं नव्हती. कायद्यानें पराणी काढून घेतली आणि घाटावर वैद्य आणून उभा केला. हें थोडें नव्हे, आणि त्याचें श्रेय बंदी मागणाऱ्यांस दिलेंच पाहिजे. परंतु वैद्यास हांक केव्हां मारावयाची, हें गोठ्याच्या दारांत झोंपणाऱ्या माणसास कळलें.

रात्रीं भागीदार जेवावयास आला नाहीं. विद्यार्थी गोठ्यांत बादल्या वाहत होता, पण वडिलांशीं एक शब्द बोलला नाहीं. सूनबाईंनीं सर्वांना पुरणपोळी वाढली ती मुकाट्यानें संपली. दहाच्या पुढें सोन्यानें हौदांत तोंड घातलें व बराच वेळ पाणी प्याला. तें पाहून मुलानें आबांची खाट नेहमीच्या जागीं ओढून ठेवली. त्यावर अंथरूण घातलें, आणि आपण शेजारीं घोंगडी टाकून निजला.

सकाळीं मला मंचरच्या स्थानकावर पोंचविण्यास तो आला. "गुरुजी, आतां तरी तुमचं मत बदललं का?" त्यानें विचारलें. बैलास विचारून त्याला कोणी जुंपीत नाहीं, हा माझा जुना आक्षेप अजून पुसला गेलेला नाहीं, असें मीं त्यास स्पष्ट सांगितलें. "मात्र तुझ्या आबांच्या गोठ्यांत तो मला मोठ्यानें बोलतां येत नाहीं."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काल त्या उन्हांत मीं जुंपला असता, गुरुजी." एवढ्यांत माझी गाडी लागली.