पाठ केलेले महेश्वर

शाळेच्या सहली पुष्कळ निघतात. लक्षात मात्र थोड्याच राहतात. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात आम्ही मांडू, उज्जैन, धार, ओंकारेश्वर अशा कितीतरी ठिकाणी मुलांना नेले आणि मोजून परत आणले. जाताना बसमध्ये जितकी डोकी होती तितकीच येताना भरली, की मुख्याध्यापकाच्या लेखी सहल यशस्वी झाली. ज्या एका सहलीत डोकी बरोबर भरली, परंतु आमचा स्वतःचाच हिशेब चुकलेला निघाला, तिची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची शाळा इंदूरची, सरकारी आणि हिंदी माध्यमाची. शनिवारची बालसभा आटोपली की मराठी घरांतली एकोणीस-वीस मुले मागे थांबतात आणि एका वर्गात आमचे ‘मराठी मंडळ’ भरते. या मुलांच्या आज्या अस्खलित मराठी बोलतात, आया बरीच बोलतात, आणि मुले ‘मी करून राहिलो आहे’ असे बोलतात. मंडळाचे हस्तलिखित निघते, वाचन होते, कधी एखादे पाहुणे येतात. आम्ही एम. ए.ला मराठी घेतले होते. तेव्हा एवढे ऋण फेडणे आम्हांला भाग आहे, अशी आमची समजूत.

पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीचा. त्यामुळे २०२४-२५ हे त्रिशताब्दीचे वर्ष इंदुरात घरोघरी साजरे होत होते. शहरातील एका मराठी संस्थेने आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धा ठेवली आणि आम्ही नववीतील एका मुलीला उभे केले. आवाज खणखणीत, स्मरणशक्ती उत्तम. भाषण सहा मिनिटांचे. तिला चषक मिळाला. प्रार्थनेच्या वेळी टाळ्या झाल्या, फळ्यावर रंगीत खडूने नाव झळकले. एक गोष्ट मात्र फळ्यावर लिहिलेली नव्हती. ते भाषण पहिल्या संबोधनापासून शेवटच्या जयघोषापर्यंत आम्ही लिहिले होते. यात काही गैर आहे असे आम्हांला वाटले नव्हते. सर्वच शाळांत असे चालते; आम्हीही लहानपणी आमच्या गुरुजींची भाषणे म्हणून बक्षिसे आणली होती.

जानेवारीत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक मंडळात बोलावयास आले. फळ्यावर त्यांनी भारताचा नकाशा काढला आणि त्यावर खुणा केल्या. सोमनाथ, काशी, गया, द्वारका, रामेश्वर. काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० चे, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. एवढ्या दूरची कामे महेश्वरी बसून, पत्रे आणि हुंड्या पाठवून, आपल्या खासगीच्या पैशातून एका बाईने कशी करविली असतील, याचा विचार करा, असे त्यांनी मुलांना सांगितले. शेवटी चषक मिळविणाऱ्या मुलीचे कौतुक करून त्यांनी सहज विचारले, “बेटा, तुझ्या भाषणात मुक्ताबाई होती का?” मुलगी आमच्याकडे पाहू लागली. मुक्ताबाई आम्ही घेतलीच नव्हती.

मग त्यांनीच ती सांगितली. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून परत फिरविले. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला आणि राज्याचा भार बाईंवर आला. राहिली होती मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा अकाली गेला आणि १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसे वारले. ती सती जावयास निघाली. आईने परोपरीने विनवले. सासऱ्याचे सुनेने ऐकले होते. आईचे मुलीने ऐकले नाही. १८१८ च्या सुमारास माळव्यात आलेल्या सर जॉन माल्कमने जुन्या माणसांकडून ऐकून हा प्रसंग आपल्या १८२३ च्या ग्रंथात नोंदविला आहे. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी बाईंचे हात धरून ठेवले होते आणि ज्वाला उठताच त्या हातांनाच बाई दातांनी चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या; तीन दिवस जवळजवळ अन्न नाही, शब्द नाही.

वर्गात कोणी हलले नाही. आम्ही घाईने आभारप्रदर्शन उरकले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, दहावी-बारावीची मुले वगळून, आमची बस महेश्वरास निघाली. मुले एकेचाळीस, शिक्षक चार. पहाटे पोह्यांच्या पुड्या बांधून घेतल्या. धामणोदच्या मोठ्या रस्त्याने न जाता आम्ही महूहून मंडलेश्वरची वाट धरली, कारण मुलांना जाम दरवाजा दाखवायचा होता. माळव्याचे पठार येथे एकदम संपते. विंध्याच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंनी बांधविलेला तो भक्कम दगडी दरवाजा उभा आहे, आणि त्याच्या कमानीतून पाहिले की पायांखाली दऱ्या, त्यांपलीकडे निमाडचा धूसर, सपाट मुलूख. माळव्यातला गारठा वर ठेवून खाली उतरले की कापूस आणि मिरचीचा प्रदेश सुरू होतो. आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी दरवाजाचे साल १७९१ असे सांगितले. मागून त्या मुलीचा आवाज आला, “सर, म्हणजे मुक्ताबाईच्याच वर्षी?” शिक्षक क्षणभर थांबले. “होय, त्याच वर्षी.” ही दोन साले आम्ही आजवर कधी शेजारी मांडून पाहिली नव्हती.

महेश्वरचा किल्ला बाहेरून भव्य आहे. नदीतून पाहावे तर तटबंदी, घाट, छत्र्या अशी एकावर एक रचलेली शोभा दिसते. परंतु आत राजवाड्याच्या चौकात गेल्यावर मुलांचा एकच प्रश्न, “एवढासाच?” लाकडी खांब, उतरते छप्पर, एक ओसरी आणि तिथे साधी गादी. त्या गादीवर बसून अठ्ठावीस वर्षे राज्य केलेली बाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी याच गावी निवर्तली. जवळच पार्थिव पूजा चालली होती. नर्मदेच्या मातीची इवलीशी शिवलिंगे पाटावर ओळीने मांडायची, पूजा करायची आणि नदीला अर्पण करायची; उद्या पुन्हा नवी माती. बाईंच्या काळचा हा परिपाठ आजही चालू आहे. घाटाकडे उतरताना विठोजीराव होळकरांची छत्री लागते. तिच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे, आणि १८०१ साली पुण्यात विठोजीरावांना हत्तीच्या पायी देण्यात आले, हे कळल्यावर त्या रांगेकडे मुले निराळ्याच नजरेने पाहू लागली.

गावात एका वृद्ध मुसलमान विणकराच्या घरी गेलो. माग चालू होता. धोटा इकडून तिकडे धावत होता. बाईंनी दूरदूरचे विणकर आणून येथे वसविले, ही गोष्ट ते आपल्या घरातली असावी तशी सांगत होते. किल्ल्याच्या दगडांवरील नक्षी, नदीच्या लाटा, विटांची रचना हे सर्व साडीच्या काठांत उतरले आहे. पूर्वी येथे नऊवारी निघत असे, हे ऐकून आमच्या मराठी मुलींना आपल्या आज्या आठवल्या. म्हाताऱ्याने एक काठ उलटून दाखविला. दोन्ही बाजू सारख्या; सुलट कुठली आणि उलट कुठली ते कळेना. साडी कशीही नेसा, आम्हांला काही लपवायचे नाही, असे हिंदीत म्हणून ते हसले. ती मुलगी बराच वेळ तो काठ उलटसुलट करून पाहत बसली होती.

चार वाजता अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर मंडळाची विशेष सभा भरली. समोर नर्मदेचे संथ, रुंद पात्र, मध्यभागी बाणेश्वराचे छोटेसे मंदिर, बाजूच्या पायऱ्यांवर विसावलेले दोन परिक्रमावासी. अशा जागी बक्षीसपात्र भाषण व्हावे, यापरते औचित्य कोणते? आम्ही मुलीला पुढे बोलाविले.

तिने संबोधन केले. पहिले वाक्य म्हटले आणि ती थांबली. विसरली असेल असे वाटून आम्ही दुसरे वाक्य पुरविले. ती गप्पच. आम्ही तिसरेही पुरविले, तेही हातवाऱ्यासकट. मुलांत खसखस पिकली. ती शांतपणे म्हणाली, “सर, हे तुम्हालाच जास्त पाठ आहे. मी दुसरं बोलू का?”

नाही म्हणण्यास तोंड उरले नव्हते.

“ती इथंच कुठंतरी उभी होती,” ती म्हणाली. “लोकं तिचे हात धरून राहिले होते. आपण म्हणतो ती कुणापुढे झुकली नाही, सगळे तिचं ऐकायचे. पण त्या दिवशी कुणीच नाही ऐकलं, तिच्या मुलीनं पण नाही. मग ती चौथ्या दिवशी उठली असेल. कुणीतरी कागद घेऊन आलं असेल सहीला. ती सही मला मोठी वाटते. मला बस इतकंच बोलायचं होतं.”

टाळ्या वाजल्या नाहीत. परिक्रमावासींपैकी म्हाताऱ्या बाईला मराठी कितपत कळले असेल कोण जाणे. तिने मुलीला जवळ बोलावून तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

परतताना बसमध्ये नेहमीप्रमाणे अंताक्षरी झाली, दोन मुलांना घाटात मळमळले. एकेचाळीस डोकी आम्ही दोनदा मोजली. त्या रात्री भाषणाची मूळ प्रत कपाटातून काढून वाचली. भाषा निर्दोष होती, अलंकार जागच्या जागी होते. फक्त त्यात बाईंना कुठेही रडू येत नव्हते. तीन मरणे आम्ही एका समासात बसविली होती आणि चौथे गाळले होते. मुलांपुढे मोठी माणसे ठेवायची म्हणून त्यांचे दुःख तासून काढण्याची सवय आम्हां शिक्षकांना केव्हा लागते ते कळतही नाही.

मंडळात त्यानंतर एक नियम झाला. भाषण ज्याचे त्याने लिहायचे. शिक्षकांनी फक्त साले तपासायची. हस्तलिखिताच्या पुढच्या अंकात तिचा महेश्वरवरील लेख आला. त्यातल्या ‘धरून राहिले होते’वर आमची लाल शाई दोनदा येऊन परत गेली. शेवटी ते तसेच ठेवले. आपल्या इंदुरी घरांतली मराठी अशीच आहे, आणि तिच्यातूनच ती मुलगी आमच्या प्रमाणभाषेला न पोहोचलेल्या ठिकाणी पोहोचली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा त्याच स्पर्धेला गेली, स्वतः लिहिलेले भाषण घेऊन. क्रमांक आला नाही. परीक्षकांनी भाषाशुद्धीकडे लक्ष देण्याची सूचना केली. ती गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. परत आल्यावर आम्ही कार्यालयातला पहिल्या वर्षीचा चषक काढून तिच्या हाती दिला. नियमाप्रमाणे तो तिचाच होता.

तिने तो पुसला आणि परत कपाटावर ठेवला. “राहू द्या सर इथंच,” ती म्हणाली, “तो तुमचाच आहे.”

तो अजून तिथेच आहे.