घर कुंभारीत, मत कुठं?

२० नोव्हेंबर २०२४. सोलापूर शहर मध्य मतदारसंघातल्या एका शाळेपासून दोनशे मीटर लांब आमचं टेबल लागलं होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, मतदार यादी. समोरच्या पक्षांच्या मांडवात पोह्यांची पातेली, पंखे, पोरांची गर्दी. आमच्याकडं थर्मासमधला चहा, तोही एका विडी कामगार बाईनं घरून आणलेला.

आमच्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम मास्तर पुन्हा उभे होते. १९७८, १९९५, २००४ असे तीनदा आमदार झालेले. २००९ पासून मात्र विळा-हातोडा-ताऱ्याला इथं यश नाही. तरी दर खेपेला मी मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला बसतो. सवय म्हणा.

दहाच्या सुमाराला एक अक्का आल्या. पदराला तंबाखूचा वास, बोटांची टोकं पानं कातरून काळवंडलेली. म्हणाल्या, "अण्णा, नाव काढून द्या की. मास्तरांना मत टाकायचंय." मी यादी चाळली. भाग बदलून पुन्हा चाळली. नाव नाही.

"राहता कुठं?"

"कुंभारीला. घरकुलात."

माझं पेन थांबलं. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत म्हणजे विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. पुढं रे नगर वसाहतीचीही हजारो घरं तिकडंच उठली. मोर्चे, धरणी, दिल्लीच्या खेपा, सगळं मास्तरांनी केलं. पत्र्याच्या खोलीत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचा उंबरा मिळाला. आणि तो उंबरा आमच्या मतदारसंघाबाहेर!

मी समजावलं, "अक्का, तुमचं नाव आता तिकडं लागलं असंल. मत तिकडंच द्यायचं."

"तिकडं मास्तर हाईत का?"

"नाहीत."

"घर त्यांनीच दिलं की हो. मग मत दुसऱ्याला कसं?"

शेजारचा पोरगा हसला. मला हसू आलं नाही. निवडणुकीच्या हिशेबात कुठला शहाणा पक्ष आपलेच मतदार हद्दीबाहेर नेऊन वसवील? पण जागा स्वस्त तिथंच होती, आणि बायकांना घर हवं होतं.

अक्कांनी पदराची गाठ सोडली, वीसची नोट टेबलावर ठेवली. पावती फाडायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, रिक्षा सुटंल."

२३ तारखेला निकाल लागला. भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले, मास्तर फार मागं राहिले. उरलेल्या चिठ्ठ्या मी विडीच्या दोऱ्यानं बांधल्या आणि दत्त नगरच्या कार्यालयात नेऊन ठेवल्या. तिथं बायका बसलेल्या होत्या, मजुरीच्या मोर्चाची तारीख ठरवत.