गळा

राहात्याच्या पेरूंची कीर्ती बाहेरगावच्या वाचकांनीही ऐकली असेल. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे जाताना आमच्या गावाशी आले, की रस्त्याच्या कडेला पाट्या मांडलेल्या दिसतात. गाडी थांबली की पेरूवाली एक पेरू उचलते, त्याच्या चार फोडी करते, तिखटमीठ भुरभुरते आणि एक फोड तुमच्या हातावर ठेवते. चव पटली तर घ्या, नाही पटली तर पुढच्या पाटीकडे जा. जिभेच्या बाबतीत माणूस इतका चोखंदळ असतो! आमटीत गूळ किती असावा यावरून घरात अबोला धरणारी माणसे मी पाहिली आहेत. पण हाच माणूस कानाच्या बाबतीत मात्र समोर येईल ते मुकाट्याने ऐकून घेतो. त्याला कोणी फोड कापून देत नाही, आणि तोही मागत नाही.

तुम्हाला कोणते गाणे आवडते, असे कोणालाही विचारून पाहा. तो चार गायकांची नावे सांगेल, दोनचार चित्रपटांची सांगेल. पण त्या गाण्यातले नेमके काय आवडते, असे विचारले तर तो गोंधळतो. मीही गोंधळत असे. याचे कारण उघड आहे. आमच्या पिढीला आवड वरून मिळाली. 1952 साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावले, तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि ती गाणी पुन्हा घरी आली. मी शाळकरी होते तेव्हा संगमनेरला आमच्या माहेरी ट्रान्झिस्टर फळीवर बसलेला असे आणि तो लावील ते आम्ही ऐकत असू. आकाशवाणीच्या मराठी फर्माइशींच्या कार्यक्रमाचे नावच मुळी 'आपली आवड'. गावोगावच्या श्रोत्यांची नावे वाचली जात आणि मग सगळ्यांच्या वतीने एकच गाणे लागे. त्या नावांच्या गर्दीत आपली आवड कोणती आणि शेजाऱ्याची कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते! तेव्हाच्या बिहारातले, आता झारखंडात असलेले झुमरी तिलैया हे लहानसे गाव तर केवळ फर्माइशीची पत्रे पाठवून साऱ्या देशाला ठाऊक झाले.

पुढे कॅसेटी आल्या आणि गेल्या, तबकड्या आल्या आणि गेल्या. आता सगळे गाणे मुठीएवढ्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. त्यात आणखी एक सोय असते. तुम्ही एक गाणे ऐकलेत, की तो यंत्रातला अदृश्य दुकानदार लगेच म्हणतो, "हे ऐकलेत ना? मग हेही ऐका." हा दुकानदार मोठा हुशार आहे. लाखो लोकांनी कशामागून काय ऐकले याचा हिशेब त्याच्या वहीत असतो. मी एकदा एक गोंधळ ऐकला, तर त्याने मला आठवडाभर गोंधळच गोंधळ ऐकवले. त्यांतल्या निम्म्यांत संबळ नव्हता, तुणतुणे नव्हते, नुसताच ढोलताशांचा दणका होता. त्याचे तरी काय चुकले? त्याला गाण्याचे नाव कळते, गाण्याची जात कळते. मला त्यातले काय लागले, हे त्याला कसे कळावे? तुणतुण्याची एकच तार मागे धिम्या गतीने वाजत असते आणि गोंधळ्याचा आवाज ओळीच्या शेवटी खाली उतरून त्या तारेला येऊन मिळतो. माझा जीव त्या उतरण्यात अडकला होता, हे मला स्वतःलाही तेव्हा शब्दांत सांगता आले नसते.

ते शब्द मला आमच्या आत्याबाईंनी दिले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला अशीच हाक मारतात. त्यांचे माहेर पुणतांब्याच्या बाजूचे, गोदाकाठचे. वय शहाऐंशी. शाळा दुसरीपर्यंत. मी 1983 साली या घरात सून म्हणून आले, शिक्षिकेची नोकरी केली, निवृत्त झाले. या एवढ्या वर्षांत आम्हां दोघींचे भांडण असे झाले नाही, पण गोडीने बोलत बसावे असा विषयही कधी निघाला नाही. त्यांचे देव, त्यांच्या म्हशी, त्यांची हळद-मिरची एका बाजूला. माझी पुस्तके आणि वह्या दुसऱ्या बाजूला. एका घरात राहून दोन गावची माणसे असावीत, तशा आम्ही होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकाचे दिवस होते. आमच्याकडे कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा चालतो. त्या पहाटेच्या चालींमुळे माझ्या मनात जुन्या गाण्यांची ओढ लागली होती. दुपारी मी आणि आत्याबाई मेथी निवडीत बसलो होतो. पुतण्याने मला मोबाइलवर जात्यावरच्या ओव्यांचा एक संग्रह शोधून दिला होता. हे काम मोठे नवलाचे आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवँ या दोघांनी हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांवर बायांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. 2017 पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातून कोणालाही ऐकता येतात. साने गुरुजी, दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांच्यामुळे छापील ओवी मला ठाऊक होती. पण छापलेली ओवी आणि गायलेली ओवी यांत लोणच्याची पाककृती आणि लोणचे यांच्याएवढे अंतर असते!

मी एक ओवी लावली. मुळशीकडची कोणी बाई गात होती. आत्याबाईंचा मेथीवरचा हात थांबला. त्यांनी डोळे बारीक करून ऐकले आणि म्हणाल्या,

"हा गळा आमच्याकडचा न्हाई."

"गळा म्हणजे?"

"गळा म्हंजी गळा. शब्द तेच हायेत. पर आमच्याकडं आसं वर न्हेऊन सोडत न्हाईत. आमच्याकडं खाली आणून ठिवतात."

मग त्यांनी तीच ओवी आपल्या गळ्यावर म्हणून दाखवली. आवाज थकलेला, दम पुरत नव्हता. पण ओळीच्या शेवटी तो आवाज पायरी पायरीने उतरला आणि जमिनीवर तांब्या ठेवावा तसा अलगद टेकला. मी चकित होऊन पाहत राहिले. गोंधळ्याच्या तुणतुण्यात जे मी ऐकत होते, ते इतकी वर्षे माझ्याच घरात होते! चाल, लय, घराणे, सूर लावण्याची रीत असे पाचसहा शब्द वापरूनही मला जे सांगता आले नसते, ते त्यांनी 'गळा' या दोन अक्षरांत सांगितले होते.

मग मला चेव आला. म्हटले, "आत्याबाई, तुम्ही घरात कधी म्हटली नाहीत ती ओवी?"

"कशी म्हणू? जातं कुठंय?"

खरेच होते. गावात पिठाची गिरणी आली, आणि जाते आधी कोपऱ्यात आणि मग परसात गेले. खुंट्याला दोघींचे हात, अधूनमधून वैरणीची मूठ, आणि त्या फेऱ्याच्या वजनावर ओवीची ओळ. फेरा थांबला तशी ओवीही थांबली. मला वाईट वाटले, आणि ते माझ्या तोंडावर दिसलेही असावे. त्यावर त्या फटकळपणे म्हणाल्या, "बरं झालं गेलं ते! भाटं चार वाजता उठून दळायचं, मंग पाणी, मंग रान. हात भरून यायचे. गाण्यापायी का पुन्यांदा दळू मी?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. लोकगीतांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी ते घरात लिहून ठेवावे असे आहे. गाणे गोड होते, म्हणून ते कष्ट गोड होते असे नव्हे. त्या बाया गात होत्या, कारण गाण्यावाचून तो दगड ढकलवत नव्हता. गिरणीने त्यांचे मनगट सोडवले, याचा आनंदच मानला पाहिजे. आणि तरीही तो गळा आत्याबाईंबरोबर जाऊ नये, असे वाटल्यावाचून राहवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचा निवाडा मला करता आलेला नाही.

मात्र त्या दिवसापासून मला नवे गाणे शोधण्याची किल्ली सापडली. गाण्याचे नाव, भाषा, प्रांत बाजूला ठेवायचे आणि गळा शोधायचा. तो धागा धरून मी कुमार गंधर्वांच्या माळव्यातल्या लोकगीतांपाशी पोहोचले. 1948 साली क्षयाने आजारी असलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद होते. बिछान्यावर पडल्या पडल्या आसपासच्या बायांची आणि दारावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची गाणी तेवढी कानांवर पडत. त्या सक्तीच्या मौनात ऐकलेल्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. 'अनूपरागविलास' हा त्यांचा ग्रंथ 1965 साली निघाला. दूर युरोपात हंगेरीच्या बेला बार्टोकचेही असेच झाले. 1904 साली एका घरी मुले सांभाळणारी खेड्यातली मुलगी गाताना त्याने ऐकली आणि तो थबकला. पुढे तो आणि कोडाय हे दोघे मित्र ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले. या मोठ्या माणसांशी मी स्वतःची बरोबरी करीत नाही. पण एक गोष्ट मात्र मनात भरली. दोघांनाही नवे गाणे मैफलीत भेटले नाही. एकाला ते खिडकीतून आले, दुसऱ्याला शेजारच्या खोलीतून.

आता आमच्या घरात एक नवाच नेम सुरू झाला आहे. गेल्या हिवाळ्यात आत्याबाईंना छातीचे दुखणे झाले. डॉक्टरांनी दम लागेल असे काही करू नका म्हणून बजावले. त्यामुळे रोज संध्याकाळी दिवा लागला की त्या दोनच ओळी म्हणतात, त्याहून जास्त नाही. माझी लेक पुण्याला असते. त्या वेळी तिचा फोन येतो. ती ऐकते, मागून म्हणते आणि तिकडून आत्याबाईंची बोलणी खाते. "वर न्हेऊ नको! खाली ठेव, खाली ठेव!" लेकीने जाते फक्त लग्नाच्या हळदीला पाहिले आहे. तिला दळायचे नाही. पण तिचा आवाज आता ओळीच्या शेवटी हळूहळू खाली यायला लागला आहे.

वाचकहो, दिवाळीत तुमच्या घरी चार माणसे जमतील. भाजणीचा वास सुटेल, मुले फटाके उडवून दमतील. अशा वेळी घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसा आणि तुम्हाला आवडणारे कोणतेही एक गाणे त्यांना ऐकवा. ते आवडले का, एवढेच विचारू नका. आमच्याकडे हे कसे म्हणत, असे विचारा. कदाचित काहीच मिळणार नाही. कदाचित एखादा गळा मिळेल.

परवा मी आत्याबाईंना बंगालच्या एका बाउलाचे गाणे ऐकवले. एकतारा घेऊन तो गात होता. भाषेचे अक्षरही त्यांना कळले नाही, मलाही कळले नाही. पण ओळीच्या शेवटी त्याचा आवाज खाली उतरला, तारेला टेकला, आणि आत्याबाईंनी मान डोलावली. थोडा वेळ गेला आणि त्या हळूच म्हणाल्या,

"कुणाचा ल्योक हाय गं ह्यो? ह्यालाबी कुणीतरी भाटं चारला उठवलेलं दिसतंय."