कवटीचा पतंग

पावसाळ्यांत आमच्या वाशीमकडे दिवा लागला कीं त्याच्या भोंवतीं कीटकांची जत्रा भरते, व त्यांचीं नांवें विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. परंतु गेल्या भाद्रपदांत ओटीवरील दिव्याखालीं एक भला मोठा पतंग येऊन बसला, त्यानें साऱ्या घराची झोंप उडविली. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीची आकृति स्पष्ट उमटलेली होती. आणि आंत आमच्या वृद्ध काकू तापानें अंथरुणावर होत्या. "यमाचा दूत आला गो बाई!" असें कोणी पुटपुटलें. केरसुणी पुढें येतांच तो चक्क चीं चीं करून ओरडला. मग काय विचारतां!

आम्हीं केरसुणी अडविली. मारावयाचा तर निदान कोणास मारतों हें कळावें. पुढील पंख सालीसारखे तपकिरी, मागील पंख पिवळे व त्यांवर दोन काळे पट्टे, पोटावर मधोमध निळसर रेघ. बेल व स्कॉट या साहेबांचा १९३७ सालचा ग्रंथ या जातीच्या पतंगांस प्रमाण मानितात. त्यांतील खुणांवरून हा 'अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स' ठरला. मौज अशी कीं, स्टिक्स ही ग्रीकांची वैतरणी! म्हणजे नांव ठेवणारे पंडितहि आमच्या माजघरांतल्या बायकांहून फारसे निराळे नव्हते.

वास्तविक हा प्राणी मधाचा चोर. पोळ्यांत शिरून मध पितो, आणि आंखूड सोंडेंतून वारा घेऊन तोच आवाज काढतो. दिव्यावर प्रेम म्हणून झेप घेतो, हें कवींचें म्हणणेंहि खरें नव्हे. रात्रीं उजेड आकाशाकडून येतो, म्हणून कीटक आपली पाठ त्याकडे ठेवून उडतात. दिवा जवळ आला कीं तोल चुकून ते त्याभोंवतीं घिरट्या घालीत राहतात, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. आम्हीं दिवा मालविला. थोड्या वेळानें पतंग निघून गेला.

काकूंस हें सर्व सांगितलें. त्याची अळी तिळावर वाढते हें ऐकून त्या म्हणाल्या, "मग माझ्या संक्रांतीच्या लाडवांचा वाटेकरी झाला कीं रे तो!" तिसऱ्या दिवशीं ताप उतरला, तो अर्थात् डॉक्टरांच्या औषधानें.

आतां मुलांना परसांतील तिळावर बोटाएवढी हिरवी अळी सांपडली आहे. शेपटाशीं शिंगहि आहे. ती ठेवावी कीं झाडून टाकावी, हा निवाडा काकूंकडे गेला असून अद्याप लागलेला नाहीं.