सातपाटीतला स्वातंत्र्यदिन

आवणी उरकली, खताचा हप्ता देऊन झाला की ऑगस्टच्या मध्याला आपल्याला दोन दिवसांची उसंत मिळते. ती यंदा सातपाटीसाठी राखून ठेवा. मुलाबाळांनाही बरोबर घ्या.

पश्चिम रेल्वेच्या पालघर स्थानकावर उतरावे. तेथून शिरगावमार्गे सातपाटीचा रस्ता आहे. दोन्ही अंगांना हिरवीगार भातखाचरे लागतात. पुढे वारा खारा होतो, आणि जाळ्यांचे ढीग व होड्यांच्या डोलकाठ्या दिसू लागल्या की समजावे, गाव आले. हे पापलेटचे गाव. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे स्वातंत्र्यदिन येतो तो नेमका हंगामाच्या तोंडावर. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत जी धांदल असते, तीच इथे ऑगस्टात असते.

अशा धांदलीतही १५ ऑगस्टच्या सकाळी शाळेची मुले प्रभातफेरीला निघतात. पुढे झेंडा, मागे ढोल-ताशा, मग लेझीम आणि पांढऱ्या गणवेशांच्या रांगा. गल्ल्या अरुंद असल्याने आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. टोपली डोक्यावर घेऊन निघालेली मावशीही क्षणभर थांबते. कित्येक मुलांचे वडील त्या वेळी समुद्रावर असतात. पोराचा ताशा ऐकायला आई आणि आजीच दारात उभ्या राहतात.

ढोल वाजवणे दिसते तितके सोपे नाही. पावसाळी हवेत कातडे ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून फेरीपूर्वी ताशा जाळावर धरून शेकावा लागतो. जास्त शेकला तर कातडे फाटते. ठेका एकाने चुकवला की मागच्या साऱ्या रांगांचे पाऊल चुकते. मोठ्या ढोलावर मास्तर शांत डोक्याचा मुलगा नेमतात, ते याचसाठी. आवणीच्या रांगेत घाई करणाऱ्या एकामुळे सर्वांची ओळ वाकडी होते, हे तुम्हांला सांगायला नको.

पण सातपाटीला यायचे ते एवढ्यासाठी नव्हे. एक दिवस आधी, १४ ऑगस्टला, पालघरला उतरा. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, आसपासच्या गावांतले लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, तसेच रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे. पालघरच्या पाचबत्ती चौकातला हुतात्मा स्तंभ त्यांचाच. दरवर्षी १४ ऑगस्टला लोक तिथे जमून त्यांना वंदन करतात. सातपाटीच्या खाडीवर उभे राहिलात तर पलीकडे दिसते ते मुरबे. हुतात्म्यांची दोन गावे एका खाडीच्या दोन काठांवर आहेत.

अशी रीत दूरदेशीही आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन एकच, १५ सप्टेंबर. १८२१ साली ग्वाटेमालात स्वातंत्र्य जाहीर झाले, ती बातमी कोस्टा रिकाला पोहोचायला सुमारे महिना लागला. त्याची आठवण म्हणून आता विद्यार्थी हातोहात मशाल नेतात. १४ तारखेच्या संध्याकाळी कोस्टा रिकाची मुले कंदील घेऊन निघतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळांची बँडपथके रस्ते दणाणून सोडतात. त्या देशाने १९४८ मध्ये आपले सैन्यच मोडून टाकले. त्यामुळे तिथल्या स्वातंत्र्यदिनाचा मान शाळकरी पोरांच्या ढोलांना आहे.

आपल्याही गावची फेरी तशीच मोलाची आहे. १९४२ सालचे मोर्चेकरी पायी निघालेली साधी माणसे होती. आज पोरे ढोल वाजवत चालतात, ती त्याच वाटेवर. मात्र पुष्कळ शाळांत ढोल फाटून कोपऱ्यात पडलेला असतो, आणि फेरी नुसत्या घोषणांवर उरकते. एका ढोलाचे कातडे बदलायला फार खर्च येत नाही. ग्रामपंचायतीने, सोसायटीने किंवा चार घरांनी मिळून तो सहज उचलावा. जुलैपासून रोज अर्धा तास सराव दिला, तर ऑगस्टपर्यंत पथक उभे राहते.

आणखी एक करा. फेरीला निघण्यापूर्वी मुलांना आपल्या भागातल्या हुतात्म्यांची नावे पाठ करवून घ्या. ठेका हाताला येतोच, पण तो कोणासाठी वाजतो हे घरच्यांनीच सांगावे लागते.